शंका आली की ओतायचं

सिंगापूरच्या एका शूटिंग क्लबात मी साफसफाईला होतो. दर शनिवारी बुकित बातोकहून एक मराठी काका यायचे आणि आपल्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं क्लबच्या खोलीत स्वतः भरायचे. पितळी पुंगळ्या ओळीने उभ्या करून एकेकीत दारू मोजून घालायची, मग टॉर्च धरून आत डोकावायचं. "एकीत दुप्पट पडली ना, तर हात जाईल रे बाबा!" त्या वेळी त्यांच्याशी कुणीच बोलत नसे.

स्पर्धेच्या दिवशी मी नेमका विसरलो. "काका, चहा आणू?"

त्यांचा हात थांबला. टॉर्चने पाहून भागलं असतं, पण "शंका आली की ओतायचं" म्हणत त्यांनी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या रिकाम्या केल्या आणि पुन्हा पहिलीपासून भरायला घेतल्या. तोवर त्यांची फेरी निघून गेली.

मॅनेजर सिंगापुरी इंग्रजीत तणतणत आला. "अंकल, व्हाय सो लेट लाह?" माझं वर्क परमिट त्याच्याच हातात होतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मोजण्यात कधीच न चुकणारा तो माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "मोजताना मीच चुकलो."