तीन पापुद्रे आणि एक पदर

माझा नवरा मेंदू सोडून मेंदूभोवतीच्या पापुद्र्यांवर संशोधन करायचा. हा टोमणा नाही, त्याचं कामच ते होतं. परदेशात, वन-नॉर्थ नावाच्या भागातल्या एका प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूवरचं जाड आवरण चिमट्यांत पकडायचं, यंत्रावर फाटेपर्यंत ताणायचं, आणि संध्याकाळी टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन ते कसं फाटलं हे जेवताना सांगायचं. लग्न ठरताना हाच माणूस गाड्यांची इंजिनं बनवणार होता. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बँकांत नोकरी करणारी मंडळी त्याला एकदाच विचारायची, "नक्की काय करतोस रे तू?" दुसऱ्यांदा कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी आई कराडजवळच्या आमच्या गावाहून राहायला आली आणि नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा श्रोता मिळाला. जावई बोलत असताना उठून जाणं आईच्या रक्तात नव्हतं. त्यानं याचा पुरेपूर फायदा घेतला.

"आई, डोक्यात तीन पापुद्रे असतात," तो भाताची मूद मोडत म्हणाला. "बाहेरचा जाड, चामड्यासारखा. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा. आतला इतका तलम की मेंदूला चिकटूनच बसतो. सगळी ताकद बाहेरच्यात. हळू ओढला तर थोडा लांबतो, झटक्यानं ओढला तर ताठरतो. पण सहजासहजी फाटत नाही!"

"कशाचा आणता?" आईनं विचारलं.

"बकऱ्याचा." सासूसमोर ताटावर डुकराचं नाव काढायची त्याची छाती नव्हती.

"आम्ही भेजा करायच्या आधी वरचा पापुद्रा काढून टाकतो," आई म्हणाली. "दाताखाली येतो मेला."

नवऱ्यानं तरीही ताठरपणाचा आलेख चमच्यानं टेबलावर काढून दाखवला.

आल्यानंतर चार-पाच दिवसांनी आईनं डोक्यावर पदर घ्यायला सुरुवात केली. गावाकडे जावयासमोर तो असायचाच, पण "इथे कोण बघतंय" म्हणून मी तिला आल्या दिवशीच तो खांद्यावर घ्यायला लावला होता. आता पुन्हा कपाळापर्यंत! मी चिडले, तर म्हणाली, "असू दे गं, बरं दिसतं." नवरा मात्र खूश. "आईंच्या मेंदूला चौथं आवरण आहे," हा विनोद त्यानं ओळखीच्या प्रत्येक घरी जाऊन केला. लोक हसलेही, कारण ते आवरण त्यांना निदान समजलं होतं.

पुढच्या काही आठवड्यांत आई मंदावली. आमटीत दोनदा मीठ पडू लागलं. डाव्या पायातली सपात फरफटू लागली. डोकं जड वाटतं म्हणायची. नवरा म्हणाला, इथली दमट हवा, वय, आणि वर नवी जागा. एकदा तर त्याचं बोलणं चालू असतानाच तिला झोप लागली. ते कोणालाच लक्षण वाटलं नाही, कारण तिथे मलाही लागायची.

एका रविवारी मी तिला तेल लावायला बसवलं. ती पदर सोडेना. मी ओढलाच. केसांत एक सुकलेली खोक होती आणि तिच्यात हळद दाबून बसवलेली.

"हे कधी लागलं?"

"आल्यावर चार-पाच दिवसांतच. तुझ्या त्या ओट्यावरच्या कपाटाचं दार. जावईबापूंना बोलू नकोस हं. लेकीच्या घरी येऊन दुखणं काढलं म्हणतील."

मी किंचाळलेच. नवरा धावत आला. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्याच्यापासून बाहेरच्या पापुद्र्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून राहतात, साध्या धक्क्यानंही एखादी तुटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे थोडं थोडं साचत जातं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याला ते सगळं आधीच माहीत होतं. त्यानं आईला फक्त दोन्ही हात समोर धरायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला. लग्नानंतर प्रथमच त्या माणसानं काहीही समजावून सांगितलं नाही. टॅक्सीवाल्यानं आरशातून विचारलं, "आंटी ओके, आ?" तर त्यालाही फक्त दवाखान्याचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून साचलेलं रक्त काढायचं ठरवलं. आईला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर त्याच्यावर तुटून पडले. मला भयंकर भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी भांडते.

"सांग ना आता! किती ताकद असते तुझ्या त्या पापुद्र्यात?"

"पापुद्र्याला काहीच झालेलं नाही," तो म्हणाला. "तो शाबूत आहे गं." आणि रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर होती, डोक्याला पट्टी. जावई दारात दिसताच तिचा डावा हात उचलला गेला आणि पदर शोधू लागला. दवाखान्याच्या कपड्याला कुठला पदर! तिनं पांघरुणाची चादरच डोक्यावर ओढली.

नवरा जवळ गेला. त्यानं चादर हलकेच खाली केली.

"राहू द्या, आई. मला बघू द्या." मग म्हणाला, "आणि ते मी खोटं सांगितलं होतं. बकऱ्याचं नसतं. डुकराचं असतं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "हिनं त्याच रात्री सांगितलं होतं. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल. म्हणून बोलले नाही."