पट काढताना

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते आणि संध्याकाळी ज्युडो खेळायला जायचे. शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून क्लास चालायचा. शिकवणारे सर कंपनीतलेच, शिफ्ट सांभाळून यायचे. त्यांच्या मेव्हण्याने दुबईहून जिउ-जित्सूची एक व्हिडिओ कॅसेट आणली आणि आमचं सगळं चित्तच तिकडे गेलं. त्यात पाठीवर पडलेला माणूस खालूनच वरच्याचा हात पिरगाळायचा, गळा आवळायचा. कॅसेट पुढे-मागे करत आम्ही जमिनीवरचं बरंच शिकलो. अडायचं ते आधीच. उभ्या माणसाला जमिनीवर आणायचं कसं? ज्युडोत जॅकेट धरून फेकता येतं. जॅकेट नसलं की आम्ही मुली एकमेकींचे खांदे धरून हॉलभर नुसत्या फिरायचो.

हे पैलवानाकडूनच शिकायला हवं, असं सरांचं मत पडलं. पेणजवळच्या एका खेड्यात एक म्हातारे पैलवान आहेत, असं त्यांच्या कानावर होतं. बाईला तालमीत कोण घेणार, म्हणून मी का-कू करत होते. पण एका रविवारी सकाळच्या गाडीने पेणला उतरले आणि एसटीने त्या गावात गेले.

घर गावाच्या टोकाला होतं. आळीतल्या बाकीच्या घरांना कुलपं आणि कुलपांना गंज. ती बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची आळी. सगळे तिकडे इस्रायलला निघून गेले होते, हे नवरा-बायको तेवढे मागे राहिले होते. घरामागे तेलाच्या घाण्याची जुनी पडवी होती. घाणा केव्हाच काढून टाकलेला आणि त्याच्या जागी कुस्तीचा हौदा, तांबड्या मातीचा.

मी काय शिकायला आले ते सांगितलं. त्या पैलवानांनी, पुढे मी त्यांना काका म्हणू लागले, ऐकून घेतलं आणि मान हौद्याकडे वळवून ते बराच वेळ गप्प राहिले. नकार कसा द्यावा याचा विचार करत असतील, असं मला वाटलं. मग म्हणाले, "ये गो. त्याची काय हरकत नाय."

‘त्याची’ म्हणजे देवाची, असं मी धरून चालले.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. शनिवारी त्यांचा शब्बाथ असायचा, त्या दिवशी ते कशालाच हात लावत नसत. त्यांनी पहिलं शिकवलं ते पट काढणं. खाली बसल्यासारखं होऊन आत शिरायचं, समोरच्याचा पाय गुडघ्यामागून कवळायचा, सरळ ओढायचं नाही, कडेने वळायचं. मग तो आपल्याच वजनाने कोसळतो. पडवीच्या मधल्या, हौद्यातच येणाऱ्या खांबाला काथ्या आणि गोणपाट गुंडाळून त्यांनी माणसाच्या मांडीएवढा जाड केला होता. त्या खांबावर मी तासन् तास पट काढायचे. काकांनी मला कधी हात लावला नाही. काही चुकलं की कडेला उभे राहून लांब दांड्याचं दाताळं माझ्या टाचेकडे, कोपराकडे रोखायचे. स्वतः हौद्यात ते कधीच उतरायचे नाहीत. माती ओढायची तीही कडेवरून. दाताळं मधल्या खांबापर्यंत पोचायचं नाही. तरी खांबाच्या भोवतालची माती नुकती उकरल्यासारखी भुसभुशीत असायची. काकीच ते करत असतील, अशी मी समजूत करून घेतली होती.

आमच्या खेळाचं त्यांना नवल वाटायचं. कुस्तीत पाठ लागली की संपलं, मग तुमचं तिथून सुरू काय होतं, असं विचारायचे. खाली पडलेला माणूस दोन्ही पायांनी विळखा घालतो, हे मी त्यांना आडवी पडून दाखवलं. ते पुन्हा हौद्याकडे मान वळवून थांबले. मग म्हणाले, पाडताना त्याच्या पायांच्या मधे पडूच नको, पाय हातात ठेवून बाजूला उतर. इतकं नेमकं आमच्या सरांनाही सुचलं नव्हतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की काका प्रत्येक सूचनेआधी असे थांबतात, कोणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं तसे. आणि अधूनमधून "तो म्हणतो" असं त्यांच्या तोंडून निघून जायचं. अशा ओसाड आळीत राहून म्हातारी माणसं बोलतात स्वतःशी, असं मी धरलं.

एका गोष्टीवर मात्र ते हटून बसायचे. आत शिरताना माझं डोकं खांबाच्या बाहेरच्या अंगाला जायचं. ते आतल्या अंगाला, समोरच्याच्या छातीला कान लावल्यासारखं हवं. जिउ-जित्सूत याला मोठं कारण आहे. डोकं बाहेर राहिलं की समोरच्याला मान आयती बगलेत मिळते आणि तो गळा आवळतो. पण कुस्तीत गळा आवळायला बंदी. मग काकांना याची एवढी धास्ती का, ते मला कळत नव्हतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार होती. काका पेणला डोळ्यांच्या शिबिराला गेले होते, काकी स्वयंपाकघरात होत्या. मी एकटीच सराव करत होते. दमले होते, ऊन कौलांमधून आत येत होतं. एकदा आत शिरले आणि माझं डोकं सवयीने बाहेर गेलं.

डाव्या कानावर तळहात पडला. गरम, तेलकट, मोठा. त्याने माझं डोकं खांबावरून आत दाबलं. जोरात नाही, शिकवणारा दाबतो तसं. आणि तो तिथेच राहिला, मी पाय कवळून पुरती वळेपर्यंत.

मी सरळ उभी राहिले. पडवीत कोणी नव्हतं. दार मला समोर दिसत होतं, त्यातून कोणी गेलं असतं तर दिसलं असतं. बाहेर कोंबड्या मातीत टोचे मारत होत्या. हौद्यातून बाहेर पाय टाकायलाच किती वेळ लागला कोण जाणे.

काकी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या. मग पुढे होऊन त्यांनी पदराने माझा डावा कान आणि गाल पुसला. पदराला तांबडी माती लागली. माती बोटांच्या आकारात उमटली होती, हे मी त्यांच्या नजरेवरून ओळखलं. आरसा मागायचा मला धीर झाला नाही.

"डोकं बाहेर ऱ्हायलं असंल," त्या म्हणाल्या.

मला ओट्यावर बसवून त्यांनी सांगितलं. काकांचा थोरला भाऊ पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान होता. दोघं भाऊ रोज याच हौद्यात लढायचे. एका सकाळी थोरल्याने पट काढला, डोकं बाहेर राहिलं आणि धाकटा, म्हणजे काका, सगळ्या अंगाने त्याच्या मानेवर पडले. थोरला त्याच पडवीत गेला. त्या दिवसापासून काकांनी हौद्यात पाऊल ठेवलं नव्हतं. मुलगा इस्रायलला बोलवून बोलवून थकला, पण काका निघत नव्हते.

"आणि मधली माती तुम्ही उकरता ना?" मी विचारलं.

"मी कशाला उतरू तिथं गो," काकी म्हणाल्या.

त्या दिवशी मी काकांची वाट न बघता एसटी पकडली. मग काही रविवार गेलेच नाही.

पावसाळ्याआधी आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या गावच्या क्लासबरोबर लढती झाल्या. माझ्यासमोरची मुलगी उंच होती आणि गळा आवळण्यात तरबेज. एकमेकींचे हात झटकत खडाखडी चालली असताना मी आत शिरले. तिचा हात माझ्या मानेसाठी खाली आला आणि रिकामाच गेला. माझं डोकं तिच्या बरगड्यांना लागलेलं होतं. मी वळले, ती कोसळली, मी तिच्या पायांच्या बाजूला उतरले. पुढचं मला येतच होतं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी मात्र कानाला हात लावून बघत होते, तो गरम झालाय का.

हे काकांना सांगायला हवं, एवढ्यासाठी मी भीती गिळून गेले. घरात ट्रंका भरून ठेवलेल्या होत्या. काका जायला तयार झाले होते. मी लढतीचं सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, डोकं नक्की आत होतं का. मी व्हय म्हटलं. ते रडले नाहीत, पण बराच वेळ हाताने गुडघा चोळत बसले.

"त्याला इचारलं, चल म्हणून," ते म्हणाले. "नाय म्हणाला. तू जा म्हणाला, आता तुझं काम नाय हितं."

मग उठून, माझ्यासमोर, ते हौद्यात उतरले. अनवाणी खांबापर्यंत गेले, वाकून माती कपाळाला लावली आणि परत आले. काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं.

ती दोघं गेल्यावर हमरापूरच्या एका मूर्तिकाराने पडवी गणपतीच्या कारखान्यासाठी घेतली. लग्नानंतर एकदा पेणला गेले होते, तेव्हा मुद्दाम गावात जाऊन आले. खाली कोबा केला होता. कच्च्या मूर्ती ओळीने वाळत होत्या आणि गावातल्या बायका त्यांना पॉलिश पेपर घासत होत्या. मालकाने चहा सांगितला. जागा कशी आहे, असं मी विचारलं. चांगली आहे म्हणाला, हवा खेळती आहे, काही त्रास नाही. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. बायका हात झटकून उठल्या आणि डबे घेऊन बाहेर उन्हात जाऊन बसल्या. आत एवढी सावली होती, तरी भर दुपारी तिथे एकही बाई थांबली नाही. आपला कप उचलून मालकही त्यांच्यामागे बाहेर गेला.