कमलताईंची उघड्यावरची पंगत

सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून मी रुजू झालो, त्याच सकाळी कमलताई खिल्लारे यांनी मला फैलावर घेतलं. आमची पहिली ओळख ती अशी. खिडकीतून एका म्हाताऱ्याच्या हातावर गोळ्या ठेवत मी सगळ्यांना सांगतो तसं त्यालाही सांगितलं, "जेवणानंतर घ्या." मागून तिथल्या परिचारिका कमलताई आल्या आणि म्हणाल्या, "अवो साहेब, जेवनानंतर म्हंता, पन त्याचं जेवन कुठाय? स्टँडवर पडून ऱ्हाते तो. इचारलं का तुमी?" ताईंनी म्हाताऱ्याला व्हरांड्यात बसवलं, स्वतःच्या डब्यातली भाकर त्याच्यापुढे ठेवली आणि तो जेवल्यावरच गोळी दिली.

या गौरवग्रंथात ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त पुष्कळ जण गोड लिहितील. लिहावंच, त्यांचा तो हक्कच आहे. संपादकांनी मलाही "जरा सौम्य लिहा" असं बजावलं आहे, आणि नेमकं तेच मला जमणार नाही. ताईंचा गौरव करायचा आणि त्यांना ज्यांनी छळलं त्यांच्याविषयी अवाक्षर काढायचं नाही, हा कुठला न्याय? गावाचं नाव तेवढं लिहीत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव, एवढं पुरे.

ताईंची पंगत त्या गोळीतूनच सुरू झाली. क्षयाच्या, मधुमेहाच्या रोग्यांना औषध फुकट मिळायचं, पण ते पोटात गेल्यावर टिकायला अन्न नको का? नोकरीत असताना ताई डब्यातलं देत. निवृत्त झाल्यावर त्यांनी बसस्थानकाच्या भिंतीलगत, कडुलिंबाखाली, रोज दुपारी पंगत बसवायला सुरुवात केली. माहेर डोंगरकड्याचं, केळीचा मुलूख. भाऊ सकाळच्या गाडीच्या टपावर केळीची पानं चढवून द्यायचे. वरण, भात, भाकर, कधी वांग्याची भाजी. आम्ही दवाखान्यातले चारदोन जण आणि गल्लीतल्या बायका मदतीला असू.

तिथे ताईंचे कायदे कडक होते. हातात पुडकं द्यायचं नाही. रांगेत उभं करायचं नाही. जागा झाडून, पाणी शिंपडून माणसाला खाली बसवायचं, पुढे पान मांडायचं, आधी पाणी द्यायचं आणि पोट भरलं तरी "घ्या की अजून थोडं" असा आग्रह करायचा. एकदा मी घाईत एकाच्या हातावर उभ्याउभ्या भाकर ठेवली, तर ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कुत्र्याला टाकतेत साहेब, मानसाला वाढतेत." शेवटी त्या स्वतःही त्याच ओळीत बसून जेवत.

हा आग्रह फक्त स्टँडवरच्यांसाठी होता असं नाही. माझे वडील गेले तेव्हा आईनं अन्नावरून तोंड फिरवलं होतं. ताई पिठलं-भाकर घेऊन आल्या, आईपुढे मांडी घालून बसल्या आणि पहिला घास तिच्या पोटात जाईपर्यंत उठल्या नाहीत. आई आजही त्या घासाबद्दल बोलते.

पंगतीत रोज कोपऱ्यावर बसत ते म्हादबा. त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. म्हादबा एके काळचे नावाजलेले आचारी. पंचक्रोशीत लग्न निघालं की आधी म्हादबांची तारीख धरायची, मग भटजींची, असं लोक थट्टेनं म्हणत. उभा जन्म चुलाणापुढे गेला, डोळे गेले, पोरं पोटामागे परगावी गेली ती परतली नाहीत. हजारोंच्या पंगती उठवलेला हा माणूस स्टँडच्या बाकड्यावर आला. आखाडा बाळापूरच्या गाडीतून उतरणारे जुने लोक त्यांना ओळखत आणि नजर चुकवून निघून जात.

मग हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. साहेबांच्या गाड्या वाढल्या आणि आमच्या गावाला एकाएकी स्वतःचं तोंड आरशात दिसलं. चार प्रतिष्ठितांनी मिळून एक सुशोभन समिती काढली. कारंजं बसवणार होते. ते अजून बसतंय. बसली ती फक्त एक पाटी: "या ठिकाणी अन्नवाटप करण्यास सक्त मनाई आहे." कारणं काय, तर घाण होते, प्रवाशांना त्रास होतो आणि फुकट मिळतं म्हणून भिकारी वाढतात.

आता मला सांगा, याच गावात लग्नाचा मांडव अख्खा रस्ता अडवतो, तेव्हा घाण होत नाही? पुढाऱ्याच्या वाढदिवसाला चौकात बुंदी वाटतात, पत्रावळ्या आठवडाभर वाऱ्यावर उडतात, तेव्हा पाटी कुठे जाते? पोटभरल्यांची पंगत म्हणजे सोहळा आणि उपाशांची पंगत म्हणजे उपद्रव, वा रे वा! आमची पानं तर जनावरं खाऊन टाकत आणि जागा ताई स्वतः धूत. जेवण मिळतं म्हणून माणूस बेघर होतो, हा शोध लावणाऱ्यांनी एक रात्र त्या बाकड्यावर काढून पाहावी. आणि स्पष्टच लिहितो: स्वच्छतेवर तावातावानं बोलणाऱ्या काहींच्या पोटात दुसरंच होतं, कारण वाढणारे हात बौद्ध घरातले होते. ते उघड बोलायची मात्र एकाचीही छाती झाली नाही.

समितीनं ताईंना बैठकीला बोलावलं. सोबत मी होतो. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "ताई, पुण्याच्या कामाला आमचा विरोध न्हाई. पन असं उघड्यावर काहून? बाजाराच्या मागं नाल्याकडं जागा हाय. तिथं करा. कोनाला दिसनार न्हाई."

"कोनाला दिसू नये म्हनून?" ताईंनी विचारलं.

"पाहुणेरावळे येऊन राहिले ना आता. गावाची इज्जत असते."

ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे उपाशी पडलेले दिसले तर चालतेत, जेवताना दिसले की इज्जत जाते व्हय?"

ताई उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की उद्या वरणात जरा जास्त पाणी लागेल, कारण पाहुणेरावळे वाढले आहेत. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दुपारी पंगत बसली. समितीची माणसं लवकर येणार होती, पण समोरच्या हॉटेलात चहात रमली आणि आली तेव्हा पानं वाढून झाली होती. आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा भरल्या पानावरून उठवत नाहीत. भांडण असेल तर हात धुईपर्यंत थांबतात, मग काय ती डोकी फोडतात. ताईंनी तेच सांगितलं. "पानं संपू द्या. मग मला पोलिसात न्या, न्हाईतर अजून कुठं न्या."

"उठवा," अध्यक्ष म्हणाले. कुणी हलेना. समितीच्या गड्यानंसुद्धा मान खाली घातली. तेव्हा अध्यक्ष स्वतः पुढे झाले आणि त्यांनी कोपऱ्यावर बसलेल्या म्हादबांच्या दंडाला धरलं.

म्हादबांना दिसत नव्हतं. कुणीतरी वाढायला आलंय असं वाटून त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि हसून म्हणाले, "पुरे बाबा, पुरे. लई झालं. आता नगं वाढू."

अध्यक्षांनी त्यांना ओढून उभं केलं. हाताचा धक्का लागून पानातला भात मातीत सांडला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की हा आग्रह नव्हता. ते बोटं धोतराला पुसत राहिले.

पहिल्यांदा ओरडला तो हॉटेलवाला. समितीकडे पंगतीविरुद्ध जी तक्रार गेली होती, तिच्यावर पहिली सही त्याचीच होती. गल्ला सोडून तो रस्त्यात धावत आला. "आरं, भरल्या पानावरून उठवलं? मानसं हाव का कोन? तुमच्या लग्नात याच म्हाताऱ्याच्या हातचं जेवलं ना सारं गाव!" मग रिक्षावाले आले, वाहक-चालक आले, भाजी-माळवं विकणाऱ्या बाया टोपल्या सोडून आल्या. पाटी त्याच दिवशी उपटली गेली. ती कुणी उपटली हे मला ठाऊक आहे आणि मी सांगणार नाही. पुन्हा ती लावायची हिंमत कुणाला झाली नाही. पंगत आजही तिथेच, लिंबाखाली, सगळ्यांना दिसेल अशी बसते.

म्हणजे ताई जिंकल्या, असं तुम्ही म्हणाल. ताई तसं मानत नाहीत. म्हादबा त्या दिवसापासून पंगतीत बसले नाहीत. "उठवलेल्या मानसानं बिनआवतनाचं कसं बसावं, ताई?" एवढंच म्हणतात. हॉटेलवाला आवतण द्यायला गेला, तर त्याला म्हणाले, "तुमी कुठं उठवलं बाबा मला?" जन्मभर पंगती वाढलेल्या माणसाला पंगतीची रीत कोण शिकवणार? ज्यानं उठवलं त्यानंच बोलवायचं. ताई अध्यक्षांच्या दारी कितीदा गेल्या. स्वतःसाठी माफी मागायला लावली नाही, फक्त म्हणाल्या, "चला, म्हादबांना एकदा या म्हना." साहेब दर वेळी कामात असतात. तोवर ताई रोज पंगत उरकल्यावर म्हादबांचं पान बाकड्यापाशी नेतात, समोर बसतात, आग्रह करतात आणि दोघं तिथेच जेवतात.

या गौरवसोहळ्याच्या निमंत्रितांत ते अध्यक्ष पहिल्या ओळीत आहेत. ताईंना शाल त्यांच्याच हस्ते द्यायचं घाटत होतं. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल राहू द्या. त्यायला म्हनावं, माझ्याकडं यायच्या आधी बाकड्याकडं जाऊन या." हे लिहून होईपर्यंत तरी साहेब गेलेले नाहीत.

ताईंचे गुडघे दुखतात, साखर वाढली आहे, आणि गोळी जेवल्यावरच घ्यायची हे त्यांना सांगायची माझी प्राज्ञा नाही. त्यांचे हात वाढते राहोत, पाय चालते राहोत, प्रकृती ठणठणीत राहो. शंभर वर्षं तर त्यांना मिळायलाच हवीत. म्हादबा ऐंशीच्या घरात आहेत, तेवढंच आयुष्य मी त्यांच्यासाठीही मागतो. आणि मनात कितीही कडवटपणा असला तरी अध्यक्षसाहेबांसाठीसुद्धा मागतो. स्टँड त्यांच्या बंगल्यापासून लांब नाही. आवतण द्यायचं राहिलं आहे.