पुढचं हलकं, मागचं खोल

सर म्हणत होते खोल रिम लाव. सुनीताचा बाप म्हणत होता हलकं चाक लाव. आमचे उस्ताद म्हणत होते, आधी चहा सांग.

मी तवा हिंगोलीत उस्तादांच्या सायकल दुकानात मेकॅनिक. सुनीता तांड्यावरची पोरगी, सर तिचे कोच. दुसऱ्या दिवशी सिलेक्शनची रेस. एकेकीनं सुटायचं, आखाडा बाळापूरच्या रोडनं जाऊन यायचं. जिचा टाइम कमी, ती एकच पोरगी स्टेटला जाणार.

सरांनी पुण्याहून चाकाच्या दोन जोड्या मागून आणलेल्या. हलकं चाक चढाला बरं. खोल रिमची कड चार बोटं उंच. वजन जास्त, पण हवा कापत जाते, सपाट रोडवर पळते.

भांडून काय उपेग? सुनीताला उतारावर नेलं. दोन्ही जोड्या पाळीपाळीनं लावल्या अन् पायडल न मारता सोडलं. खोल रिमवर ती लांब गेली. सर मिशीत हसले. तेवढ्यात बाजूनं एसटी गेली अन् सुनीता रोड सोडून बाभळीत.

"कुणीतरी हँडल हिसकून घेतल्यासारखं झालं," ती काटे काढत म्हणली.

बराबर हाय. उंच कडेवर आडवी हवा थडकती. पुढचं चाक वळतं, म्हणून हँडल हिसकतं. मागचं कुठं वळतं? मी म्हणलं, पुढं हलकं लावू, मागं खोल.

उस्ताद भडकले. "चाकं जोडीनं असतात बे. नवरदेव ह्या मांडवातला अन् नवरी त्या मांडवातली?"

मी त्यांच्यासारखंच दोनदा खोकलो, चष्मा नाकावर घेतला अन् त्यांच्याच आवाजात त्यांचंच रोजचं वाक्य टाकलं. "बेटा, गिऱ्हाईक पडलं की दुकान पडतं."

सुनीता खो खो हसली. मग म्हणली, "लावा भाऊ. चालवायची मलाच हाय."

दोन्ही रिमची रुंदी वेगळी, म्हणून ब्रेकचे रबर वेगवेगळे सेट केले.

दुसऱ्या दिवशी रेसला सायकल बघून बाकीच्या पोरी हसल्या. येताना वारं आडवं सुटलं. खोल चाकवाल्या ब्रेक दाबत, डुलत आल्या. हलक्यावाल्या सपाटीला रेंगाळल्या, टाइम वाढला. आमची सुनीता खाली वाकली ती वाकलीच. एक ट्रक घासून गेला, पोरीनं मान वर केली न्हाई.

टाइम सगळ्यात कमी, पहिली आली. स्टेटला गेली.

बाप पुढचं चाक कुरवाळून म्हणला, हलक्यानंच जिंकलं. सर मागच्यावर थाप मारून म्हणले, खोल रिमनं. उस्ताद आजबी गिऱ्हाईकाला सांगून राहिले, आयडिया माझी व्हती.

जिंकलेल्या सायकलीला मालक लई. पडली असती, तर मेकॅनिक एकटा मीच व्हतो.