तांब्याचं सपाट बूड

बाबा गेले. त्यांचा चेहरा फोटो न बघता काढावा, म्हणून आज पेन्सिलीला टोक केलं. लाकडाच्या वासासरशी उस्मानपुऱ्यातला शाळेच्या वयातला चित्रकलेचा क्लास आठवला. समोर पितळी तांब्या होता. मी त्याचं बूड पट्टीनं सरळ काढलं होतं.

"वरनं बघताना बूड सरळ दिसतंय व्हय तुला?" सरांनी विचारलं.

"गोल काढलं तर टेबलावर डुगडुगेल ना, सर."

पोरी हसल्या. सर हसले नाहीत. "बाई, तू तांब्याकडं बघतच नाय. तुला तो नुसता माहीत आहे."

तेव्हा वाटलं, सर उगाच चिडले. आता कागदावर चष्मा, मिशी, कपाळावरचा व्रण, सगळं जागच्या जागी आहे. बाबा मात्र त्यात नाहीत. आणि नीट बघून घ्यायला ते आता घरातही नाहीत.