शंभरातले अडतीस

तात्यापारा या मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहणारे बुद्धभूषण मेश्राम, म्हणजे आमचे भाऊ, हे बियाणे निरीक्षक. दुकानातून बियाण्याचा नमुना घ्यायचा, पिशवीला लाखेचं सील लावायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायची, हे त्यांचं काम. त्यासाठीचा सरकारी निधी दरवर्षी न चुकता येतो, मार्चमध्ये. पेरणी जूनमध्ये करायची, हा शेतकऱ्यांचा आडमुठेपणा.

गेल्या जूनमध्ये आपल्याच भंडाऱ्याकडच्या निरंजन सेठच्या दुकानात धानाच्या बियाण्याच्या दोनशे पिशव्या उतरल्या. दाणा हातात घेताच भाऊंच्या मनात पाल चुकचुकली. पण ऑफिसात नमुन्याच्या पिशव्या नव्हत्या, लाख नव्हती, गाडीला डिझेल नव्हतं. साहेबांनी निधी येईपर्यंत धीर धरायला सांगितलं. चार गावांचा हंगाम बुडणार होता, पण साहेबांचा धीर काही सुटला नाही.

पाऊस लांबला होता, विक्रीला अजून जोर नव्हता. भाऊंनी एक पिशवी विकत आणली आणि आईची जुनी रीत आठवली. बायकोचं, म्हणजे नीलिमावहिनींचं, जुनं लुगडं फाडून, ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून ओट्याखाली ठेवले. सहाव्या दिवशी उघडलं, तर अडतीसच उगवलेले.

अशा तपासणीला कायद्यात काडीची किंमत नाही. भाऊंनी ते फडकं ताटात पसरून सेठच्या दुकानाच्या पायरीवर मांडलं आणि शेजारी बसून राहिले. सेठने नोकरी घालवायची धमकी दिली.

"मी कुठं काय म्हणून राहिलो, सेठ? लोकंच मोजून राहिले," भाऊ म्हणाले.

येणारा प्रत्येक शेतकरी वाकून मोजायचा, मान हलवायचा आणि रिकाम्या हातानं परतायचा. आठवड्यात सगळा माल कंपनीला परत गेला. मला त्या दिवशी भाऊंचा फार अभिमान वाटला.

मार्चमध्ये निधी आला. नवी गाडी, किलोभर लाख, आणि रिकाम्या दुकानांची तपासणी एकतीस तारखेच्या आत उरकण्याचा आदेश. सोबत भाऊंना नोटीस: तपासणीसाठी अमान्य कापड का वापरलं? त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद चढली.

एप्रिलमध्ये तिसरं पत्र आलं. या भागातून निकृष्ट बियाण्याची एकही तक्रार नाही, सबब पुढील वर्षी तपासणीच्या निधीची गरज नाही. भाऊंनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

नीलिमावहिनींनी आतून विचारलं, "मंग जूनसाठी अजून एक लुगडं काढून ठेवू काय?"