वाफेवाल्या बाईंचा आरसा

कॉफीचं ते यंत्र तिघांनी मिळून जिन्यावरून वर आणलं आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर टेकवलं, तेव्हा टेबल पुरतं लटपटलं. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलातून ते भंगारवाल्याकडे गेलेलं आणि त्याच्याकडून लेकीने उचललेलं. पुढे कॉफी पडायची दोन तोंडं, पाठीमागे तांब्याची टाकी, दोन्ही बाजूंना दूध तापवायच्या वाफेच्या नळ्या, आणि अंगभर जुन्या कॉफीचा काळा चिकट थर. शेजारीण दारातून डोकावली.

"अगंबाई, हे काय? आगगाडीचं इंजिन आणलंत की काय?"

"हो तर," बाई म्हणाल्या. "तिकीट काढून या."

ह्या बाई म्हणजे वाफेवाल्या बाई. इस्पितळात ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कपडे ज्या मोठमोठ्या बंद टाक्यांमध्ये वाफेवर निर्जंतुक करतात, त्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. सर्जन आले आणि गेले, मेट्रन बदलल्या, बाई जागच्या हलल्या नाहीत. टाकीचा कुठला सांधा गळतोय हे शोधायची त्या खोलीत एक साधी रीत होती. थंड हातआरसा सांध्याजवळ धरायचा. काच धुरकटली की समजायचं, इथून वाफ सुटतेय. नव्या मुली तेच करायच्या. बाई मात्र डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि नुसत्या कानाने सांगायच्या, "मागचा, खालून दुसरा." तिथे पाना लावला की खरंच तोच निघायचा. आरसा घेऊन येणाऱ्या मुलीला त्या हमखास चिडवायच्या, "काय गं, नट्टापट्टा करायचाय? कान घरी ठेवून आलीस वाटतं!" पोरगी लाजून आरसा खिशात घालायची. घरी आल्या की बाई हे किस्से लेकीला रंगवून सांगायच्या.

देवाने कुणाची कुठे जिरवावी याला काही धरबंध आहे का? निवृत्तीनंतर वर्षभराने बाईंनी कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली. जाड आवाज ठीक आहेत, म्हणाले, पण बारीक आवाज गेलेत. पाखरं, शिट्टी, सूं सूं असलं काही. समोर बसून बोललेलं कळेल, पाठीमागून बोललेलं निसटेल. कानात घालायचं यंत्रही दिलं. बाईंनी ते यंत्र आणि तो कागद शिवणाच्या डब्यात तळाशी टाकला आणि वर बटणांची पिशवी ठेवली. ह्याला दोन वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही. वाफ ऐकू न येणारी वाफेवाली बाई! हे त्यांच्या जिभेवरच येईना.

लेक यंदाच सासर सोडून दोन पिशव्यांनिशी आईकडे आली होती. का आली ते तिने थोडक्यात सांगितलं आणि बाईंनी जास्त विचारलं नाही. पूर्वी ती कॉफीच्या एका दुकानात काउंटरमागे काम करायची. आता दवाखान्यासमोरचा एक चिमुकला गाळा तिने घेतला होता आणि एक तारखेला तो उघडायचाच होता. नवं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. हे चाललं तर दुकान, नाहीतर काही नाही. यंत्र आणलं त्या दिवशी ती म्हणाली, "आई, तू आहेस म्हणून घेतलं हे. नाहीतर माझी छाती झाली नसती."

झालं. त्या एका वाक्याने शिवणाच्या डब्याला जणू कुलूपच लागलं.

तीन आठवडे दोघी खपल्या. टाकी उघडली तर आत क्षाराचा थर, अंड्याच्या कवचासारखा. लिंबाच्या सत्त्वाच्या कढत पाण्याने तीनदा धुतली, तेव्हा आतलं तांबं दिसलं. रबराच्या चकत्या इतक्या कडक झालेल्या की स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढाव्या लागल्या. दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी वॉल्व्ह बाईंनी कोरा करकरीत आणायला लावला, दाबाचा काटाही नवा. तिथे तडजोड नाही. पण सांध्यांमधले तांब्याचे वॉशर? ते बाईंनी जुनेच घेतले. चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करायचे, पाण्यात टाकायचे, की मऊ पडतात आणि पुन्हा बसतात. इस्पितळात सुटा भाग मागितला तर यायला दोन दोन महिने लागत, त्यामुळे हा हात पक्का बसलेला. काम चांगलं होतं त्याने. मात्र बसवल्यावर एकेक सांधा तपासायचा असतो.

त्यातच एका संध्याकाळी काय झालं, बाई सिंकमध्ये नळ मोठा सोडून यंत्राच्या जाळ्या घासत होत्या आणि लेक मागे जमिनीवर बसून स्क्रू वेगळे करत होती. जाळ्या लखलखीत झाल्यावर बाई कौतुकाने मागे वळल्या, तर लेक उठून आपल्या खोलीत गेलेली. पुढचे दोन दिवस पोरगी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गाळ्यामागे एक खोली आहे. मी तिथेच राहीन. सोयीचं पडेल."

बाईंना ती जायला नको होती. पण लेकीच्या मध्ये येणारी आई त्यांना व्हायचं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "जशी तुझी सोय." लेकीने त्याच दुपारी पिशव्या भरून दाराशी ठेवल्या.

रविवारी सकाळी यंत्र पहिल्यांदा तापवलं. दाबाचा काटा हळूहळू चढला, एकच्या आकड्याच्या जरा पुढे गेला आणि थांबला. बाईंनी सवयीने डोळे मिटले. कुठे म्हणून आवाज नाही. एकतीस वर्षांत एवढी निमूट टाकी त्यांनी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात त्या कागदावरची रेघ साफ विसरल्या.

"झालं गं! कणभर वाफ सुटत नाहीये."

लेकीच्या कपाळावर आठी होती. "आई, हा सूं सूं आवाज असाच असतो का?"

आता इथे काय म्हणायला हवं होतं ते लहान पोरालाही कळेल. बाईंनाही कळत होतं. बंद कर आणि माझा आरसा आण, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे एवढा विश्वास होता की त्यांची जीभ उचलेना. आणि उचलली तेव्हा भलतंच बोलली.

"असतोच गं. तापलं की वॉशर बसतो. मग थांबतो."

"मागे राहिलेलं पुसायचं फडकं काढू मग? टाकीला लागून तापतंय ते."

"काढ की."

लेकीने मागे हात घातला. सांध्यातून सुटणारी वाफ अगदी तोंडाशी दिसत नाही, पुढे गेल्यावर पांढरी होते. हे बाईंनी किती मुलींना घोकून घोकून शिकवलं असेल! लेकीची किंकाळी मात्र बाईंना नीट ऐकू आली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल झाली आणि बघता बघता टरारून फुगली.

नळाखाली हात, मग रिक्षा, मग गाळ्यासमोरचाच तो दवाखाना. दुपारी दोघी परत आल्या तेव्हा लेकीच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. यंत्र थंड झालं होतं. ती खुर्चीत बसली आणि आईकडे बघून म्हणाली, "तू म्हणालीस, म्हणून घातला हात." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

बाई उठल्या. शिवणाचा डबा आणून त्यांनी तिच्यासमोर उपडा केला. बटणं घरभर गेली. तळाचा कागद त्यांनी तिच्या चांगल्या हातात दिला.

"मला तो आवाज ऐकूच आला नाही. एरवीही येत नाही. दोन वर्षं झाली."

लेकीने वरची तारीख वाचली. खालची रेघ पाहिली. मग एकदम मान वर केली.

"म्हणजे त्या दिवशी तू जाळ्या घासत होतीस, तेव्हा मी विचारलं ते?"

"काय विचारलंस?"

"दुकान नाही चाललं तर मी इथेच राहिले तर चालेल का तुला, असं. एवढं बोलायला मला आठवडा लागला होता आई. तू घासतच राहिलीस. मला वाटलं, तुला नकोय."

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे भरलेल्या पिशव्या होत्या आणि 'जशी तुझी सोय' हे शब्दही त्यांचेच होते. मेले हे कान, त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण कानाने कुठे खोटं सांगितलं होतं? ते तर तोंडाने सांगितलं होतं.

मग त्या वाकल्या. बटणांमध्ये पडलेलं कानाचं यंत्र त्यांनी उचललं, सोबतच्या पाकिटातला सेल त्यात घातला आणि ते कानात बसवलं. सिंकपाशी जाऊन त्या दिवशीसारखाच नळ मोठा सोडला आणि लेकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाण्याचा आवाज पत्र्यावर खडी ओतावी तसा डोक्यात शिरला.

"विचार आता," त्या म्हणाल्या. "तिथूनच विचार, तशीच."

उत्तर त्यांच्या ओठांवर तयार होतं. पण लेक हळूच म्हणाली, "माझ्याशी खोटं का बोललीस?"

शब्द न् शब्द ऐकू आला. बाईंनी नळ बंद केला आणि वळल्या.

"भ्याले गं. आईला काही कळेनासं झालंय, असं तू म्हणशील म्हणून भ्याले. आणि तुझा हात भाजला." पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "हे घर तुझंच आहे. चाललं तरी, नाही चाललं तरी. हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

लेकीला रडू येत होतं की राग, ते बाईंना कळलं नाही. ती उठली, खोलीत गेली, आणि आईचा जुना हातआरसा घेऊन बाहेर आली. तो तिने टेबलावर यंत्राशेजारी ठेवला.

"उद्या सगळे वॉशर नवे आणायचे," ती म्हणाली. "आणि आरसा मी धरणार."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि जमिनीवरची बटणं वेचायला बसल्या. पिशव्या दाराशी तशाच होत्या.